लालासाहेबांचे हातमोजे

चुलीवर दूध वर येत होतं, डॉक्टर ओसरीवर गालाला साबण लावून आरशात तोंड वाकडं करत होते, आणि मी सुपात पोहे घेऊन पाखडत बसले होते. अशा वेळी मागच्या दाराची कडी वाजली. मागच्या दाराने येणारी माणसं आमच्याकडे ठरलेली असत. ताक मागायला येणारी शेजारीण, नाही तर दवाखान्यात चारचौघांदेखत शिरायला संकोचणारी एखादी नवी सून. दार उघडलं तर गाईच्या दावणीला खेटून लालासाहेब पाटील उभे. डोक्याला फेटा, अंगात कोट, पायांत करकरणाऱ्या वहाणा, आणि चेहरा मात्र थेट त्या नव्या सुनेचा.

डॉक्टर आहेत का, असं त्यांनी विचारलं, आणि मी आहेत म्हटल्यावर त्यांची उलट पंचाईतच झालेली दिसली. मग घसा खाकरून, गाईकडे बघत म्हणाले, "बाई, तुमच्याच कानावर घालतो. डॉक्टर बाळंतपणाला जाताना रबरी हातमोजे घालत्यात न्हवं? ते मला जत्रंपुरते मिळत्याल का?"

माझ्या हातातलं सूप कलंडलं.

जत्रा आणि बाळंतपणाचे हातमोजे यांचा संबंध कळायचा तर आमच्या गावच्या भैरोबाची रीत आधी सांगायला हवी. चैत्रात जत्रा भरते. पालखी सजते, भोई दांडीला खांदा देतात, हलगी कडकडते, पण पाटलाच्या बंदुकीचा बार निघाल्याशिवाय देव जागचा हलत नाही. गोळी नसते, छर्रे नसतात, नुसती दारू आणि वर चिंध्यांचा बोळा. बंदूक लालासाहेबांच्या पणजोबांच्या वेळची, ठासणीची. दारू मापून नळीत ठासायचं काम गावची राखण करणाऱ्या जागल्याचं, आणि आभाळाकडे नळी करून चाप ओढायचा मान पाटलाचा. काम एकाचं आणि मान दुसऱ्याचा, अशी वाटणी आमच्या गावात बंदुकीपुरतीच आहे असं नाही.

लालासाहेबांचे वडील, थोरले पाटील, हा बार मोठ्या ऐटीत काढायचे. बेचाळीसच्या चळवळीआधीच्या जत्रेत त्यांच्या मनात आलं की यंदा आवाज नदीपलीकडच्या गावात पोचला पाहिजे. जागल्याने ठासलेल्या मापावर त्यांनी आपल्या हाताने आणखी एक मूठ घातली. आवाज नदीपलीकडे गेला. त्याबरोबर बंदुकीच्या घोड्याजवळून जाळ उसळला आणि थोरल्या पाटलांचा डावा हात मनगटापासून बोटांपर्यंत होरपळला. आमच्या डॉक्टरांनी तो बरा केला, पण बोटं आत वळली ती वळलीच. गावाने या प्रकाराला भैरोबाचा प्रसाद असं नाव दिलं. जास्तीच्या मुठीबद्दल कोणी बोललं नाही. पाटलाची मूठ आणि देवाचा प्रसाद यांत काय निवडायचं, हे गावाला चांगलं कळतं.

पुढे बेचाळीसच्या धामधुमीत फौजदाराने ती बंदूक उचलून साताऱ्याला नेली. मग थोरले पाटीलही गेले. मधल्या वर्षांत फटाक्यांची माळ लावून देवाची समजूत काढण्यात आली. देवानेही ती काढून घेतली. पालखी वेळेवर उठली, ऊसही नेहमीसारखा आला, आणि कोणाचं काही अडलं नाही. पण बंदूक सरकारात पडून आहे आणि पाटील फटाके फोडतो, ही गोष्ट लालासाहेबांच्या जिवाला लागली. त्यांनी साताऱ्याच्या कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या, साहेबांपुढे हात जोडले, शिपायांना गुळाच्या ढेपा पोचवल्या, आणि सत्तेचाळीस साली, जत्रा तोंडावर आली असताना, बंदूक परत आणली. वेशीपासून वाजतगाजत आणली. वाड्यात नेऊन तिला हळदकुंकू वाहिलं. आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की आता ती उडवायची आपल्याला आहे.

लालासाहेबांनी जन्मात बंदूक उडवलेली नव्हती. थोरले असताना त्यांनी तिला हात लावू दिला नाही, थोरले गेले तेव्हा ती साताऱ्याला होती. हे गावात कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पाटलाच्या पोराला बंदूक येते, हे कोंबडीच्या पिलाला दाणे टिपता येतात तितकंच सगळ्यांनी धरून ठेवलेलं.

एवढ्यावरही भागलं असतं, पण भावकी होती. लालासाहेबांचा चुलतभाऊ मानसिंग पलटणीतून हवालदार होऊन नुकताच घरी आला होता. इटलीत लढून आलेला, मिशीला पीळ, चालताना टाच आपटायची सवय. धाकट्या पातीच्या, म्हणजे मानसिंगच्या बाजूच्या, लोकांनी चावडीवर आधीच बोलून ठेवलं होतं की यंदा पाटलाकडून बार निघाला नाही तर मान मानसिंगकडे येईल. मान म्हणजे पहिला नारळ, पहिला टिळा, आणि पंगतीत पहिलं पान. एकदा गेला की पिढ्यान्‌पिढ्या परत येत नाही. गावात जमिनीचे वाद कोर्टात मिटतात, नारळाचे मिटत नाहीत.

तर असं होतं म्हणून लालासाहेब दावणीजवळ उभे. भीतीचा शब्द त्यांनी काढला नाही. त्यांचं म्हणणं एवढंच की बार काढायला आपण तयार आहोत, फक्त हाताची सोय झाली पाहिजे. भीती जी काय होती ती हाताला होती, त्यांना नव्हती.

डॉक्टर अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून आत आले. त्यांनी एक जुनी, बोटाला भोक पडलेली जोडी लालासाहेबांना घालून बघायला दिली. उसाच्या कांड्यासारखी बोटं ती. रबर पहिल्या पेरापर्यंत चढलं, मग अंगठीत अडकलं, आणि तोंड उघडून फाटलं. डॉक्टर म्हणाले की फाटलं ते बरंच झालं. जाळ लागला तर रबर वितळून कातड्याला चिकटेल, आणि मग सोलताना काय काय निघेल ते सांगता यायचं नाही. लालासाहेबांनी उरलेलं रबर हळूच पाटावर ठेवलं आणि चहा न घेता मागच्याच दाराने गेले.

त्यानंतर जत्रेपर्यंत गावात दुसरा विषय नव्हता. म्हणजे उघड कोणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. लालासाहेबांची बायको अंजना ही माणकडची. पाऊस कमी आणि तोंड तिखट, असं ती स्वतःच आपल्या माहेराबद्दल सांगायची. तिच्या भावाची मेंढरं होती. बंदुकीला जाड हातमोजे हवेत असा निरोप गेला, आणि त्या भल्या माणसाने घोंगडीच्या लोकरीचे हातमोजे विणवून पाठवले. अंगठा वेगळा आणि बाकीची चार बोटं एकाच पिशवीत. चैत्राच्या उन्हात ते घालून लालासाहेब ओसरीवर बसले आणि घामाने निथळले. चापावर बोट जाईना, म्हणून एका बोटापुरतं भोक पाडलं. त्या भोकापासून लोकर उसवायला लागली ती दिवेलागणीपर्यंत मनगटाला आली. मग आगीला टिकते का पाहू म्हणून त्यांनी उरलेला तुकडा चुलीतल्या निखाऱ्याजवळ धरला. वाड्यात जो वास सुटला त्याने बांधलेली म्हैस दावं तोडायला निघाली. अंजना मला म्हणाली की एवढ्या लोकरीत एक कोकरू झाकलं असतं, आणि त्या कोकराने निदान ब्यां तरी केलं असतं.

पुढच्या आठवड्यात मला बहिणीकडे सांगलीला जायचं होतं. त्याच मोटारीत लालासाहेब आणि अंजना निघाले. सांगलीत भूपाल म्हणून एक जैन व्यापारी माझ्या माहेरच्या ओळखीचा होता. कापड, बनियन, पायमोजे असलं त्याचं दुकान. गादीवर त्याची आई चंपाबाई माळ ओढत बसायची. भूपालने आधी विचारलं, हातमोजे कशाला हवेत. लालासाहेबांनी छाती काढून सांगितलं, बंदुकीला. भूपालने काढलेला डबा न उघडता परत फळीवर ठेवला.

मग मी पुढे होऊन समजावलं की यात मारणं नाही, देवाचा बार आहे, नळीत गोळी नसते. भूपालचा हात डब्याकडे परत वळला. पण चंपाबाईंची माळ थांबली.

"आवाजानं झाडावरची पाखरं उडत्यात न्हवं?" त्या म्हणाल्या. "मग त्येंच्या अंड्यांचं काय?"

लालासाहेबांनी हा प्रश्न अगदी मनापासून घेतला. म्हणाले की आजी, पालखी निघायच्या आधीपासून हलगी वाजत असते, त्यामुळे पाखरं केव्हाच लांब गेलेली असतात. चंपाबाईंना ते पटलं आणि माळ चालू झाली. सांगलीच्या त्या दुकानात त्या दिवशी बंदुकीचा सगळ्यात बारकाईने विचार कोणी केला असेल तर तो चंपाबाईंनी.

भूपालने पांढऱ्या सुती हातमोज्यांची जोडी काढून दिली. बँडवाले घालतात तसली, पातळ, बोटांना घट्ट बसणारी. लालासाहेबांनी घातली. बोट वळत होतं, मूठ मिटत होती, छत्रीचा दांडा धरून पाहिला तर तो घसरत नव्हता. जे काही हवं होतं ते सगळं तिच्यात होतं. लालासाहेबांनी हात लांब धरून पाहिला, मग दुकानातल्या आरशात पाहिलं, आणि म्हणाले की ह्याच्यात मी लग्नातला क्लारनेटवाला दिसतो. जोडी डब्यात गेली.

बाहेर पडलो तर समोरच्या मोकळ्या जागेत लष्कराच्या लिलावातला माल मांडला होता. पाण्याच्या बाटल्या, पट्टे, बूट, डांबरी कापडं. आणि एका दोरीवर, खाटकाच्या दुकानात टांगावेत तसे, फटफटीवरच्या शिपायांचे चामडी हातमोजे. कोपरापर्यंत पोचणारे. लालासाहेबांनी ते चढवले आणि त्यांचा चेहराच पालटला. पाठ ताठ झाली. मिशीला पीळ द्यायला हात वर गेला, पण चामड्यात मिशी सापडेना. अंजनाने त्यांना एक बोट वाकवून दाखवायला सांगितलं. बोट काही वाकलं नाही. दोन्ही हातांनी धरून वाकवलं तर आवाज झाला आणि परत सरळ झालं. ती म्हणाली, ह्यानं चाप वढायचा कसा? लालासाहेब म्हणाले, बोटाचं बघू, आधी हाताचं बघितलं पाहिजे. घरी बैल असताना घोड्याचं खोगीर घेतल्यासारखी ती खरेदी झाली.

चामडं मऊ व्हावं म्हणून मग त्यांनी ते गावात वापरायला सुरुवात केली. चावडीवर बसताना हातमोजे, उसाच्या फडावर हातमोजे. त्यांना त्यात पानाचा डबा उघडता येईना, चुना लावता येईना. रामराम घालताना दोन कुऱ्हाडी एकमेकींवर टेकल्यासारखं वाटे. दुपारी चहाची बशी धरली ती थेट मांडीवर. तरी एक गोष्ट खरी, लोक हसताना आता पाठ फिरवून हसू लागले. हातमोज्यांनी एवढी भीड कमावली होती. मानसिंगने मात्र तोंडावर सांगितलं. सगळी चावडी बसलेली असताना तो म्हणाला, "दादा, आमच्या पलटणीत असले मोजे खेचरं हाकणाऱ्याला द्यायचे. बंदूकवाल्याला न्हवं."

लालासाहेबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पण त्या दिवसापासून ते चावडीवर जायचे थांबले.

जत्रेच्या आदल्या दुपारी अंजना माझ्याकडे आली. पुरणाची डाळ उसनी मागायला आले म्हणाली आणि डाळीचा विषय बाजूला ठेवून बसून राहिली. नेहमीचं तिखट तोंड त्या दिवशी जागेवर नव्हतं. बोलता बोलता तिने सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. थोरल्या पाटलांचा हात भाजला त्यानंतर त्यांना स्वतःच्या हाताने जेवता येत नव्हतं, आणि पाटलाला बाईमाणसाने भरवावं हे त्यांना चालत नव्हतं. तेव्हा लालासाहेब रोज त्यांना घास भरवायचे. पट्टी सोडताना डॉक्टरांच्या शेजारी तेच बसायचे. वर्षभर. त्या हाताबद्दल मी डॉक्टरांच्या तोंडून नुसतं ऐकलं होतं. लालासाहेबांनी तो मांडीवर घेतला होता.

"बाई," अंजना म्हणाली, "मान गेला तर जाऊ दे, अशी माजी तयारी हाय. पर मान गेला तर हे कुणाला तोंड दावायचं न्हाईत. आन हात गेला तर घास भरवायला मी हायेच, पर हे तो घ्यायचं न्हाईत. म्या करू काय ते तुमीच सांगा."

मी तिला डाळ दिली.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलली तेव्हा देवळापुढचं पटांगण माणसांनी भरलं होतं. आम्ही बायका देवळाच्या ओट्यावर उभ्या होतो, पालखीपासून हाताच्या अंतरावर म्हणायला हरकत नाही. भोयांनी दांडीला खांदा दिला होता. गुलालाने सगळ्यांचे चेहरे एकसारखे झाले होते. लालासाहेब आले ते कोपरापर्यंत चामडं चढवून. लोकांनी वाट करून दिली. जागल्याने बंदूक ठासून तयार ठेवली होती. मापावर एक चिमूटही जास्त घालायची नाही, असं अंजनाने सकाळीच त्याच्याकडून भंडारा उचलून वदवून घेतलं होतं. लालासाहेबांनी हात पुढे केले, आणि तेवढ्यात नाथाजी गुरव गाभाऱ्यातून बाहेर आला.

नाथाजीची नजर त्यांच्या पायांकडे गेली. पाय अनवाणी होते. मग ती हातांकडे आली आणि तिथेच राहिली.

"पाटील," तो शांतपणे म्हणाला, "देवाम्होरं चामडं चालायचं न्हाई."

इतके दिवस गावभर त्या हातमोज्यांची चर्चा झाली, पण ही गोष्ट एकालाही सुचली नव्हती. देवाच्या पटांगणात वहाण घालून पाऊल टाकणारा माणूस आमच्या गावात जन्मलेला नाही. हाताला वहाण घालणाराही आजवर कोणी निघाला नव्हता. लालासाहेब म्हणाले की वहाण पायाची, हे हातात आहे. नाथाजीने यावर विचार केला आणि सांगितलं की पायातलं चामडं निदान मातीकडे तोंड करून असतं, हे तर देवाच्या तोंडासमोर धरलेलं आहे. कोणीतरी म्हणालं, हलगी चामड्याचीच की. नाथाजी म्हणाला, हलगीचं चामडं वाडवडिलांपासून देवाचं आहे. बंदुकीला चामड्याचा पट्टा होता, त्याकडे कोणी बोट दाखवलं तेव्हा नाथाजी आभाळाकडे बघू लागला. एवढ्या वेळात धाकट्या पातीचे लोक पुढे सरकून उभे राहिले होते.

लालासाहेबांनी हातमोजे काढायला घेतले. पण एका हातमोज्याने दुसरा हातमोजा निघत नाही. घामाने चामडं आतून चिकटलं होतं. शेवटी अंजना ओट्यावरून उतरून त्या सगळ्या पुरुषांत गेली आणि एकेक बोट धरून तिने ते ओढून काढले. एरवी कोणी हसलं असतं. आतले हात पांढरे पडले होते, सुरकुतलेले, रात्रभर भिजत घातलेल्या वालांसारखे. जागल्याने त्या हातांत बंदूक दिली.

हलगी थांबली. भोयांनी खांदे बदलले. नाथाजीने नारळ हातात घेऊन ठेवला होता. तो आता कोणाला द्यावा ते त्याला कळत नव्हतं.

मानसिंग पुढे झाला. त्याने टाच आपटली नाही. हात पुढे करून नुसतं म्हणाला, "दादा, द्या हिकडं."

बंदूक लालासाहेबांच्याच हातात होती. ती त्यांनी सोडली नाही. आपल्या डाव्या हाताकडे त्यांनी बघितलं. उघडा, अख्खा हात होता तो. मग त्यांनी मान वर केली आणि सगळ्या भावकीला, भोयांना, ओट्यावरच्या आम्हा बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले.

"मानसिंग, बार मीच काढणार हाय. पर बंदूक धरायची कशी ते मला कवा कुणी शिकवलं न्हाई. तेवढं दाव."